संगणक-दुरुस्तीच्या पावतीवर तापमानाचा आकडा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होळी आटोपून ऊन चढू लागले आणि परीक्षा संपत आल्या, की वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावांतील संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत एकच तक्रार घेऊन मुले येऊ लागतात : गेम सुरू केला की पंधरा-वीस मिनिटांत मशीन अडखळते, नाहीतर आपोआप बंद पडते. दुकानदाराचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. आधी तो 'विंडोज मारून', म्हणजे नव्याने टाकून देतो. त्याने भागले नाही तर एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारा डबा, बदलतो. तरीही मशीन बंद पडतच राहिली, तर पडद्यावरचे चित्र तयार करणारे ग्राफिक्स कार्ड गेल्याचे सांगून मोकळा होतो. या सगळ्या खटाटोपात यंत्र किती तापले होते आणि ते ज्या खोलीत ठेवले आहे ती खोली किती तापलेली होती, हे दोन आकडे कोणीही विचारत नाही आणि मोजतही नाही. त्याविषयी चार गोष्टी लिहाव्यात आणि एक साधी मागणी आपल्या वृत्तपत्रामार्फत पुढे ठेवावी, यासाठी हे पत्र.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री हा व्यवसाय शिकवून निवृत्त झालो असून दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी राहतो. गावातील मुले आपली यंत्रे माझ्याकडे दाखवायला आणतात. गेल्या उन्हाळ्यात अशीच एक मशीन आली. एका दुकानातून ती नवीनच जोडून आणलेली होती आणि त्याच दुकानाने कार्ड बदलण्याचा सल्ला दिला होता. पावतीवर "मशीन चेक केली, कार्ड खराब" एवढाच मजकूर. नव्या कार्डाचा जो भाव सांगितला होता, तो सुमारे साडेतीन क्विंटल कापसाच्या पट्टीएवढा होता, हे मुलाच्या वडिलांनीच मला ऐकवले. बाजूचे झाकण काढून पाहिले तेव्हा कार्ड ठणठणीत होते. प्रोसेसरवर, म्हणजे यंत्राची सारी गणिते करणाऱ्या मुख्य चिपवर, बसणाऱ्या काही पंख्यांना चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खिळ्या असतात आणि त्या मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट-पाटीच्या) छिद्रांतून पलीकडे जाऊन 'टक' असा आवाज करून अडकतात. त्यांतली खालच्या कोपऱ्यातली एक खिळी अर्धवट वर आलेली होती. त्यामुळे पंख्याखालचा धातूचा ठोकळा प्रोसेसरवर तिरपा टेकला होता आणि एका कडेला नख जाईल एवढी फट दिसत होती. दुकानातच ती नीट बसली नव्हती, की दुचाकीवर मागे बांधून आणताना आमच्या रस्त्यांवरील गचक्यांनी निघाली, हे सांगता येणार नाही. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी दोन-तीनशे रुपयांची पेस्ट नव्याने लावून ठोकळा सरळ बसवला आणि तोच गेम त्याच मशीनवर विनाखंड चालू लागला.

यंत्रात कितीही भारी पंखा लावला, अगदी पाणी फिरवणारी शीतक-व्यवस्था बसवली, तरी त्यातला प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, ही मूळ गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. पंखा उष्णता नाहीशी करत नाही. ती खोलीच्या हवेत नेऊन टाकतो. म्हणून यंत्राचे तापमान नेहमी खोलीच्या तापमानावर चढवून वाचावे. समजा, २६ अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर पूर्ण भारावर ७४ अंशांवर स्थिर राहतो, म्हणजे तो खोलीहून ४८ अंश वर आहे. तोच प्रोसेसर, तोच पंखा आणि तोच गेम ४३ अंशांच्या खोलीत आणला, की हिशेब ९१ अंशांवर जातो. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. एएमडीच्या रायझेन ५००० मालिकेत ती मॉडेलप्रमाणे ९० किंवा ९५ अंश आहे. एनव्हिडियाची बहुतेक ग्राफिक्स कार्डे ८३ अंशांच्या आसपासच आपला वेग आवरू लागतात. समाजमाध्यमांवरील चित्रफितींत या यंत्रांची जी परीक्षणे मुले पाहतात, ती बहुधा वातानुकूलित खोलीत केलेली असतात. मे महिन्यात ज्या अकोला, चंद्रपूर, वर्धा, नागपूर या ठिकाणी पारा ४५ च्या वर जातो, तेथील टिनाच्या छपराखालच्या किंवा दिवसभर तापलेल्या स्लॅबखालच्या खोलीला ते आकडे लागू करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. स्लॅबची तर आणखी एक खोड असते. दिवसभर पोटात घेतलेले ऊन तो रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत राहतो, आणि मुले गेम खेळायला बसतात ती नेमकी त्याच वेळी.

मर्यादेजवळ पोहोचल्यावर प्रोसेसर लगेच जळत नाही, हेही सांगायला हवे, कारण या भीतीपोटीच लोक नको ते सुटे भाग विकत घेतात. तो आधी स्वतःचा वेग कमी करतो. पडद्यावर त्याचा परिणाम असा दिसतो की आतापर्यंत सुरळीत चाललेले चित्र अडखळू लागते, मग क्षणभर सुधारते आणि पुन्हा अडखळते. वेग कमी करूनही तापमान आवरले नाही, तरच यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. पडदा एकाएकी काळा झाला, पण आवाज सुरूच राहिला आणि पंखे मोठ्याने घरघरू लागले, तर संशय ग्राफिक्स कार्डावर घ्यावा. गेम रंगात आला असताना सगळेच एका झटक्यात बंद झाले आणि काही मिनिटे बटण दाबूनही दाद मिळाली नाही, तर एसएमपीएसकडे पाहावे. अशा वेळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि काही दुकानदार ती दाखवून एसएमपीएस बदलायला सांगतात. प्रत्यक्षात यंत्र नीट बंद न होता अचानक बंद पडले किंवा पुन्हा सुरू झाले, एवढेच ती नोंद सांगते. ते कशामुळे झाले, याचा निवाडा तिच्यात नसतो.

मग निवाडा करायचा कसा? माझ्या मते घड्याळ हाच यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते. प्रोसेसरचे पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर हे मोफत मिळणारे प्रोग्राम पुरेसे आहेत. ते सुरू ठेवून यंत्रावर भार टाकावा आणि आकडा कोणत्या गतीने चढतो, ते पाहावे. गेम सुरू होताच काही सेकंदांत प्रोसेसर नव्वदीपार गेला, तर दोष ठोकळा आणि प्रोसेसर यांच्या सांध्यात आहे : खिळी निघालेली असेल, पेस्ट वाळून भुकटी झाली असेल किंवा, नव्या मशीनमध्ये घडते त्याप्रमाणे, ठोकळ्याच्या तळाचा संरक्षक प्लास्टिकचा पापुद्रा काढायचाच राहिला असेल. आकडा हळूहळू चढत पंधरा-वीस मिनिटांनी मर्यादेला भिडत असेल, तर सांधा ठीक आहे. उष्णता ठोकळ्यापर्यंत पोहोचते आहे, पण तिथून बाहेर पडत नाही. अशा वेळी बाजूचे झाकण काढून तीच चाचणी पुन्हा करावी. झाकण काढताच तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही, हे सिद्ध झाले. काहीच फरक पडला नाही, तर धूळ किंवा खोली यांपैकी एकीकडे बोट जाते. एवढ्या परीक्षेला अर्धा-पाऊण तास लागतो आणि खर्च काहीच येत नाही. विंडोज नव्याने टाकायला याहून जास्त वेळ लागतो, आणि पाठ्यपुस्तकांच्या फायली व घरातले फोटो जातात ते वेगळेच.

धुळीबाबत मात्र आमच्या भागाचे स्वतःचे एक वेळापत्रक आहे आणि पुण्या-मुंबईकडचे सल्ले त्याला लागू पडत नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू होते आणि थ्रेशरमधून उडणारे कुटार अख्ख्या गावावर तरंगते. त्यानंतर कापूस घरात येतो. जिनिंगच्या आसपासच्या वस्त्यांत रुईचे तंतू हवेत असतात, आणि ज्या घरी भाव वाढण्याची वाट पाहत बैठकीतच कापसाची गंजी लावलेली असते, तिथे तर ते थेट यंत्राच्या शेजारीच असतात. मग तूर, मग हरभरा. हा सगळा भुसा हिवाळ्याच्या चार-पाच महिन्यांत पंखा ओढून घेतो, पण बाहेरची हवा थंड असल्यामुळे कोणाला काही जाणवत नाही. तक्रार येते ती एप्रिल-मे महिन्यांत, आणि मग लोक दोष उन्हाला देतात. कापसाच्या घरची मशीन उघडली तर पंखा वरून बऱ्यापैकी स्वच्छ दिसतो. तो सोडवून खालच्या ठोकळ्याच्या पातळ पत्र्यांकडे पाहिले, की गोधडीच्या तुकड्यासारखा करड्या रंगाचा एक सलग थर चिमटीत धरून उचलता येतो. शहरातली भुरभुरीत धूळ फुंकरीने उडते. रुईचे तंतू एकमेकांत गुंततात, त्यामुळे पंखा न काढता नुसती हवा मारून हा थर निघत नाही. उलट तो पत्र्यांच्या आणखी आत जाऊन बसतो. म्हणून आमच्याकडे यंत्राची सफाई दिवाळीत करून भागत नाही; ती हरभरा निघाल्यावर, उन्हाळा तापण्याआधी करायला हवी.

सफाईसाठी मुले मशीन उचलून थेट पंक्चरच्या दुकानात नेतात आणि कॉम्प्रेसरची हवा मारून घेतात. हे टाळावे. त्या टाकीत पाणी साठलेले असते, हवेसोबत तेलाचे फवारे येतात, आणि दाबामुळे पंख्याची पाती त्यांना झेपणार नाही अशा वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. हातात धरायचा साधा ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरतो. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवावीत. एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही घरी उघडू नये, कारण त्यातल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यानंतरही काही काळ तीनशे व्होल्टहून अधिक दाब शिल्लक राहू शकतो. आणि झाकणाला हात लावण्यापूर्वी प्लग बोर्डातून काढलेलाच असावा. आमच्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडली, की असलेले अर्थिंगही दुबळे होते, आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावताच मुंग्या येतात, तो याचाच पुरावा असतो.

आता खोलीच्या कूलरविषयी, कारण यात विदर्भाची सोय आणि गैरसोय दोन्ही एकत्र नांदतात. कोरड्या उन्हात ताट्यांचा कूलर खोलीचे तापमान सहज दहा-बारा अंशांनी खाली आणतो, आणि वर दिलेल्या हिशेबाप्रमाणे तेवढाच दिलासा प्रोसेसरलाही मिळतो. बाजारातला कोणताही महाग पंखा एवढे करू शकणार नाही. परंतु मुले कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येईल अशी मांडणी करतात, तिथे घात होतो. झोताबरोबर पाण्याचे सूक्ष्म तुषार येतात. आतल्या धुळीचा त्यांनी चिखल होतो आणि तो पत्र्यांवर वाळून घट्ट बसतो. आम्ही तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतले पाणी खारे असलेल्या भागात, राहतो. येथील बोअरचे पाणी टाकलेल्या कूलरच्या ताट्या काही आठवड्यांतच पांढऱ्या होतात, हे प्रत्येक घरात पाहायला मिळते. तेच क्षार तुषारांबरोबर मदरबोर्डवर जाऊन बसतात. कोरडे असेपर्यंत ते निरुपद्रवी वाटतात. पावसाळी दमटपणा आला, की ओलावा धरून वीज वाहू देतात आणि धातूला गंज चढवतात. एका यंत्राच्या मागच्या बाजूला, जिथे केबली जोडतात तिथे, मिठासारखी खरबरीत पांढरी किनार मी पाहिली आहे. ते यंत्र कूलरच्या अगदी समोर स्टुलावर ठेवलेले होते. म्हणून यंत्र कूलरच्या बाजूला, झोताच्या रेषेबाहेर असावे, आणि समोरची खिडकी उघडी असावी. बंद खोलीत कूलर चालवला तर हवा दमट होत जाते आणि थंडावाही जातो. जुलैत हवाच ओली झाल्यावर कूलरचा उपयोग उरत नाही. तेव्हा एक्झॉस्ट पंखा बरा.

विजेचा यात हात किती? लोक समजतात त्यापेक्षा कमी, पण आहे. 'लाइन डिम' असली की बल्ब मंद होतो आणि कमी वीज घेतो. एसएमपीएस याच्या उलट वागतो. यंत्राला लागणारी शक्ती तेवढीच असल्याने दाब २३० वरून १८० व्होल्टवर आला, तर तो सुमारे पाऊणपटीवर उतरलेल्या दाबाची भरपाई करण्यासाठी सव्वापटीहून अधिक प्रवाह खेचतो आणि स्वतः जास्त तापतो. त्यातच स्वस्त डब्यांवर '५०० वॅट' असे ठळक छापलेले असते, पण हे वॅट किती तापमानाला देता येतील, याचा उल्लेखच नसतो. चांगले उत्पादक पूर्ण क्षमता ४० किंवा ५० अंशांना मिळेल असे स्पष्ट लिहितात. आमच्यासारख्या प्रदेशात विकत घेताना वॅटच्या आकड्याआधी हा आकडा पाहायला हवा. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातला जुना ठोकताळा आहे. तेव्हा उन्हाळ्यात फक्त कसाबसा निभावणारा डबा पुढच्या उन्हाळ्याला टिकेलच, असे धरून चालू नये.

दुकानांत सध्या ज्या कॅबिनेटची चलती आहे, त्यांच्याविषयी मला फारसे चांगले लिहिता येत नाही. समोर अखंड काच, आत रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे, आणि हवा आत यायला कडेने बोटभर फट. शोभेला उत्तम. पुढच्या पंख्यांनी हवा आत घ्यावी आणि मागच्याने बाहेर टाकावी, हा साधा नियमही कित्येक वेळा पाळलेला नसतो, कारण दिव्याची बाजू दर्शनी यावी म्हणून पंखा उलटा बसवतात. पंख्याच्या चौकटीतले आधाराचे आडवे दांडे ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. त्यावरून आणि हातात धरलेल्या उदबत्तीच्या धुरावरून दिशा कोणालाही तपासता येते. समोर जाळी असलेले साधे कॅबिनेट घेऊन ती जाळी दर आठवड्याला झटकावी, एवढे पुरे.

खर्च न करता भार कमी करण्याचे उपायही आहेत. ज्या मुलाचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रे दाखवतो, त्याचे कार्ड दीडशे-दोनशे चित्रे तयार करत बसले, तर जास्तीच्या मेहनतीतून हाती लागते ती बहुतांशी उष्णताच. गेमच्याच सेटिंगमध्ये ६० ची मर्यादा घातली, की कार्ड लक्षणीय थंड होते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० ऐवजी ९९ टक्के ठेवली, तर बहुतेक यंत्रांत त्याचा वाढीव वेग बंद होतो. खेळात थोडा फरक पडतो, पण तापमान बरेच उतरते. मे महिन्यापुरते असे ठेवून पाऊस आल्यावर पूर्ववत करायला कोणाची हरकत असू नये. लॅपटॉपवाल्यांना तर एवढेच उपाय हाती असतात, शिवाय गादीवर ठेवून खेळू नये हा.

माझी मागणी अशी आहे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक यंत्राच्या पावतीवर दुकानदाराने चार आकडे लिहावेत : त्या वेळचे खोलीचे तापमान, भार टाकण्यापूर्वीचे प्रोसेसरचे तापमान, वीस मिनिटांच्या भारानंतरचे प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डाचे तापमान. दुरुस्तीनंतर तेच आकडे त्याच पावतीवर पुन्हा लिहावेत. कार्ड खराब आहे असे सांगायचे असेल, तर ते दुसऱ्या यंत्रात लावून पाहिले काय, याचीही एक ओळ असावी. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या वस्तूची किंवा दिलेल्या सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे पावती मागण्याचा हक्क ग्राहकाला आहेच, तिच्यावर काय लिहून घ्यायचे एवढेच त्याने ठरवायचे आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. प्रामाणिक दुकानदारांचा यात फायदाच आहे, कारण पंखा नीट बसवून आणि पेस्ट बदलून त्यांनी वीस अंश उतरवले, हे त्यांच्या मजुरीचे समर्थन आज कागदावर कुठेच दिसत नाही.

आपल्या वृत्तपत्रात रोज जिल्हावार कमाल तापमानाचा तक्ता छापून येतो. मार्च ते जून या काळात दुरुस्तीला जाणाऱ्याने त्या दिवसाचे ते कात्रण पावतीला टाचून ठेवले, तर मेमध्ये झालेली दुरुस्ती डिसेंबरातल्या आकड्यांशी ताडून पाहणेही सोपे जाईल. तालुक्याच्या दुकानदार मंडळींपैकी कोणाला असा पावतीचा नमुना हवा असल्यास तो तयार करून द्यायला मी आनंदाने तयार आहे.

आपला,
एक निवृत्त निदेशक
ता. दर्यापूर, जि. अमरावती